लेझरने केस काढताय? आधी, त्या दिवशी आणि नंतर काय होते ते समजून घ्या

“डॉक्टर, लेझर केलं की केस परत येत नाहीत ना?” हनुवटीवरच्या केसांना कंटाळलेल्या मुली आणि बायका हा प्रश्न हमखास विचारतात. दर आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग, त्यानंतर येणाऱ्या पुळ्या, आरशासमोर चिमटा घेऊन जाणारा वेळ आणि कुणी जवळून पाहील की काय ही धास्ती, हे सगळे एकदाचे संपावे अशी त्यांची इच्छा असते. ती अगदी रास्त आहे.

मी जनरल प्रॅक्टिस करतो. लेझर मशीन माझ्याकडे नाही. त्यामुळे अशा रुग्णांची माझी भेट दोन वेळा होते. एकदा लेझरचा विचार मनात आल्यावर, आणि कधी कधी त्यानंतर, म्हणजे गालावर काळे पट्टे उमटल्यावर किंवा आठ सिटिंग होऊनही केस तसेच राहिल्यावर. लेझर हा चांगला आणि योग्य हातात सुरक्षित उपचार आहे. मात्र त्याचे यश बऱ्याच अंशी पहिला झोत पडण्याआधीच ठरते. केस का वाढले, तुमची त्वचा कशी आहे आणि मशीन कोणते व कुणाच्या हातात आहे, ही तीन उत्तरे आधी मिळाली पाहिजेत.

लेझर नेमके काय करते?

केसाला काळा रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. लेझरचा प्रकाश त्वचेतून आत जातो, केसातले मेलॅनिन तो शोषून घेते आणि प्रकाशाची उष्णता होते. ही उष्णता केसातून मुळाशी आणि केस पुन्हा तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्यांना इजा करते. आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त हवी ती गोष्ट तापवायची, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली मांडले. आजची सगळी लेझर मशीन्स त्याच तत्त्वावर चालतात.

यातून दोन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, प्रकाश पकडायला केस काळा हवा. पांढरे, राखाडी किंवा फार फिकट केस लेझरला दाद देत नाहीत. त्यामुळे साठीतल्या बाईच्या हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांवर लेझरचे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. अशा केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका मुळात बारीक सुई घालून विजेने ते नष्ट करण्याची पद्धत उपयोगी पडते. तिला वेळ लागतो, पण केसाच्या रंगाशी तिचा संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, केस मुळाशी जोडलेला आणि वाढीच्या अवस्थेत असावा लागतो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, विश्रांती घेतो आणि गळतो. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. पायांवरचे तर बरेचसे केस एरवी विश्रांतीच्याच अवस्थेत असतात. एका सिटिंगमध्ये त्या वेळी वाढत असलेल्या केसांचीच मुळे सापडतात. उरलेले केस वाढीला लागले की पुढची सिटिंग. म्हणूनच सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा आठवड्यांचे आणि हातपाय, पाठ यांसाठी सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवले जाते. “लवकर उरकून टाकू” म्हणून दर पंधरा दिवसांनी सिटिंग घेतल्याने केस लवकर जात नाहीत, त्वचेला त्रास मात्र वाढतो.

“कायमचे” या शब्दाचा अर्थ

जाहिरातींत “कायमची सुटका” असे लिहिलेले असते. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए लेझर यंत्रांच्या बाबतीत जो दावा मान्य करते तो आहे “केसांमध्ये कायमस्वरूपी घट”. म्हणजे पूर्ण उपचारानंतर पुन्हा येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे. सगळे केस जातील असा त्याचा अर्थ नाही.

व्यवहारात काय दिसते? काख, पाय, जांघ या भागांत केस बरेच विरळ होतात. जे उगवतात ते बारीक आणि फिकट असतात. अनेकांना नंतर वर्षातून एखाददुसरी सिटिंग पुरते. चेहऱ्याचे गणित वेगळे असते. तिथल्या केसांवर हार्मोन्सचा प्रभाव असतो, आणि तो चालू असेपर्यंत नवे केस जाड होत राहतात. त्यामुळे चेहऱ्याला जास्त सिटिंग लागतात आणि अधूनमधून देखभालही करावी लागते. हे आधीच माहीत असेल तर आठव्या सिटिंगनंतर फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

लेझरच्या आधीचा प्रश्न: केस वाढले का?

हातापायांवर लव असणे, आई-मावशीसारखे केस दाट असणे हा आजार नाही. पण स्त्रीच्या हनुवटीवर, ओठांवर, छातीवर, बेंबीखाली किंवा पाठीवर पुरुषांसारखे जाड, काळे केस येऊ लागले तर आधी कारण शोधायला हवे. सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. पाळी अनियमित असणे, मुरमे, वाढते वजन, डोक्यावरचे केस विरळ होणे, मानेवर किंवा काखेत काळपट मखमली पट्टा दिसणे, ही त्याची सोबतची लक्षणे.

येथे चेहऱ्यावरचे केस ही एक खूणच असते. आत इन्सुलिनचा गोंधळ चालू असू शकतो आणि पुढे मधुमेहाचा धोका असतो. अशा मुलीने फक्त लेझर केले तर खूण पुसट होईल, पण कारण तसेच राहील. केसही पुन्हा येत राहतील. म्हणून पाळीची माहिती, वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्यावी. औषधे सुरू केली तर केसांवर परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात. औषध आणि लेझर दोन्ही एकत्र चालू शकतात, आणि पीसीओएसमध्ये बहुधा तेच फायद्याचे ठरते.

काही महिन्यांतच झपाट्याने केस वाढणे, आवाज घोगरा होणे, टक्कल पडू लागणे, पाळी अचानक बंद होणे अशी लक्षणे असतील तर लेझरची अपॉइंटमेंट बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. क्वचित, पण अंडाशय किंवा अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीमुळे असे होते.

आणखी एक कारण आपल्याकडे फार दिसते, आणि ते मेडिकलच्या दुकानातून येते. मैत्रिणीने सुचवलेले “गोरे करणारे” क्रीम महिनोन्महिने चेहऱ्याला लावले जाते. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लालसर होते, उन्हात जळजळते आणि गालांवर केस वाढतात. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याच्या यादीत टाकले, तरी त्यांचा सर्रास वापर थांबलेला नाही. अशा त्वचेवर लेझर केल्यास ती सहज भाजू शकते. कोणतेही क्रीम वापरत असाल तर त्याची ट्यूब सोबत घेऊन जा आणि दाखवा. क्रीम अचानक बंद केले तर चेहरा भडकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करावे.

आपली त्वचा आणि योग्य मशीन

मेलॅनिन फक्त केसात नसते, त्वचेतही असते. गोऱ्या युरोपीय त्वचेत ते कमी असते, त्यामुळे प्रकाश सरळ केसापर्यंत जातो. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ते भरपूर असते. प्रकाशाने केसाआधी त्वचाच तापवली तर फोड येतो आणि मागे काळा किंवा पांढरा डाग राहतो.

सूर्यप्रकाशाला त्वचा कशी प्रतिक्रिया देते यावरून त्वचेचे सहा प्रकार मानले जातात. पहिला सर्वात गोरा, सहावा सर्वात गडद. भारतीय त्वचा बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. लेझरची तरंगलांबी जितकी जास्त, तितका तो प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेतले मेलॅनिन त्याला कमी अडवते. त्यामुळे ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेसाठी उत्तम असले, तरी सावळ्या त्वचेवर ते जोखमीचे ठरू शकते. आपल्याकडे ८०० ते ८१० नॅनोमीटरचे डायोड सर्रास वापरले जाते. जास्त सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग सर्वात सुरक्षित मानले जाते. ते जरा जास्त दुखते आणि बारीक केसांवर कमी चालते, पण त्वचा सांभाळते.

आयपीएल नावाचा प्रकार पार्लरमध्ये बऱ्याचदा “लेझर” म्हणूनच विकला जातो. त्यात एका नेमक्या तरंगलांबीऐवजी अनेक तरंगलांबींचा मिसळलेला प्रकाश असतो. गोऱ्या त्वचेवर तो चालतो. सावळ्या त्वचेवर भाजण्याची शक्यता वाढते. घरी वापरायची ऑनलाइन मिळणारी बहुतेक यंत्रे याच प्रकारची आणि कमी शक्तीची असतात. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांचा तक्ता छापलेला असतो. त्यात गडद रंगापुढे फुली असेल आणि तुमचा रंग तोच असेल, तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही.

गालावरची बारीक लव काढण्याचा मोहही टाळावा. लेझरनंतर काही जणींच्या चेहऱ्यावर आणि मानेवर केस कमी होण्याऐवजी वाढतात. आपल्यासारखी सावळी त्वचा आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या स्त्रियांत हे जास्त दिसते. जाड केसांवर लेझर आणि लवेला हात न लावणे, हाच चेहऱ्यासाठी शहाणपणाचा नियम.

कुणाकडे जावे आणि काय विचारावे?

पाटीवर “कॉस्मेटॉलॉजिस्ट”, “स्किन एक्स्पर्ट”, “लेझर स्पेशालिस्ट” असे काहीही लिहिलेले असू शकते. तुम्ही पदवी पाहा. त्वचारोगतज्ज्ञाकडे एमबीबीएसनंतरची त्वचाविकारांची पदवी किंवा पदविका असते, आणि महाराष्ट्रातील ॲलोपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते. मशीन बहुधा तंत्रज्ञ चालवतात. त्यात गैर नाही. पण त्वचा तपासून किती शक्तीचा झोत द्यायचा हे डॉक्टरने ठरवलेले असावे आणि सिटिंगच्या वेळी डॉक्टर त्या जागेत हजर असावेत.

पैसे भरण्यापूर्वी एवढे प्रश्न विचारा:

- मशीन कोणत्या प्रकारचे आहे: डायोड, एनडी-याग की आयपीएल?
- माझ्या त्वचेसाठी हेच का निवडले?
- आधी छोट्या जागेवर चाचणी घेणार का?
- किती सिटिंग, किती अंतराने, आणि एकूण खर्च किती?
- भाजले किंवा डाग पडला तर कोण पाहील?

चाचणीसाठी मशीनचे एक-दोन झोत कमी दिसणाऱ्या जागी देऊन काही दिवस थांबतात. घाईत असलेल्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण सावळ्या त्वचेसाठी यापेक्षा चांगला विमा नाही. तसेच “आजच पूर्ण पॅकेज भरा, निम्म्या किमतीत” असा आग्रह झाला तर उठून घरी या, विचार करा. दर सिटिंगला पैसे देण्याची सोय असेल तर ती बरी. काही बिनसले तर थांबता येते.

सिटिंगपूर्वीची तयारी

वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा आणि एपिलेटर किमान चार आठवडे बंद ठेवा. ही सगळी साधने केस मुळापासून उपटतात. मग लेझरला पकडायला आत काहीच उरत नाही. या काळात केस वाढले तर रेझर किंवा ट्रिमर वापरा. “रेझरने केस जाड होतात” ही भीती खोटी आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ वाटतो, इतकेच. चेहऱ्याला रेझर लावायला बहुतेकींचे मन धजत नाही, पण लेझर करायचे तर थ्रेडिंग सोडावेच लागते. हे मनाशी ठरवूनच सुरुवात करा.

ऊन टाळा. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर लेझर करू नये. कोकणात सुट्टी घालवून आल्यावर किंवा रोज भर दुपारी दुचाकीवर फिरत असताना लगेच सिटिंग घेऊ नका. तीन-चार आठवडे जाऊ द्या. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, स्कार्फ, पूर्ण बाह्या यांची सवय आधीपासून लावा.

डॉक्टरांना हे न विचारताही सांगा:

- गर्भवती आहात किंवा तशी शक्यता आहे. या काळात लेझर पुढे ढकलणेच योग्य.
- मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन किंवा रेटिनॉलचे क्रीम चालू आहे.
- ओठांवर वारंवार नागीणसारखे पाणीदार फोड येतात. ओठांवरच्या लेझरने ते पुन्हा उठू शकतात. त्यासाठी आधी गोळ्या देता येतात.
- जखमेनंतर जाड व्रण म्हणजे केलॉइड होतो, कोड किंवा सोरायसिस आहे.
- त्या भागात गोंदण, टॅटू किंवा मोठा तीळ आहे.

गोंदणाची गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे. हनुवटीवरचे किंवा हातावरचे गोंदण काळ्या-हिरव्या शाईचे असते. ती शाई प्रकाश शोषून भयंकर तापते आणि त्वचा भाजते. त्यावर लेझर चालवू नये. तीळ असेल तर तो झाकून आजूबाजूला करतात.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल गंभीर इशारा

दुखू नये म्हणून लिडोकेन असलेले क्रीम लावले जाते. छोट्या भागावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ते सुरक्षित आहे. पण दोन्ही पायांना जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळू नका. प्लास्टिकखाली औषध फार मोठ्या प्रमाणात रक्तात शिरते आणि झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरपूर्वी घरी असे केले आणि दोघींचा मृत्यू झाला. त्यानंतर २००७ साली एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला. पूर्ण पायांसाठी बधिर क्रीमची सहसा गरज नसते. थंड हवा आणि थंड जेल पुरते. तरी हवे असेल तर क्लिनिकमध्येच, मोजून लावून घ्या.

सिटिंगच्या दिवशी

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी तो भाग शेव्ह केलेला असतो. त्वचेच्या वर केस राहिला तर तो वरच जळतो आणि त्वचा भाजते. मेकअप, डिओडरंट, तेल लावून जाऊ नका. सैल सुती कपडे घाला.

खोलीत गेल्यावर तुमच्या आणि मशीन चालवणाऱ्याच्याही डोळ्यांवर त्या लेझरसाठी बनवलेला चष्मा हवा. साधा गॉगल किंवा डोळ्यांवर ठेवलेला रुमाल पुरेसा नाही. लेझर डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. याच कारणाने पापण्यांवर आणि भुवईच्या खालच्या कडेला लेझर करू नये. भुवयांसाठी थ्रेडिंगच बरे.

प्रत्येक झोताला त्वचेवर रबरबँड ओढून सोडल्यासारखा चटका बसतो. काख, जांघ, ओठांवरचा भाग इथे तो जास्त जाणवतो. सोबत थंडावा देणारी सोय असते. केस जळल्याचा वास येतो. खोली हवेशीर असावी. ओठांवरचे काम पाच-दहा मिनिटांत होते, पूर्ण पायांना तासभर लागू शकतो.

चटका बसून लगेच विरायला हवा. जळजळ थांबत नसेल, एखाद्या जागी असह्य होत असेल किंवा त्वचा पांढुरकी-राखाडी दिसू लागली तर “थांबा” म्हणा. सहन केल्याने परिणाम चांगला होतो हा समज चुकीचा आहे. मागच्या सिटिंगनंतर उन्हात फिरणे झाले असेल किंवा नवे औषध सुरू झाले असेल, तर झोत सुरू होण्यापूर्वीच सांगा.

नंतरचे काही तास, दिवस आणि आठवडे

सिटिंगनंतर केसांच्या मुळांभोवती बारीक लालसर फुगवटे दिसतात. ही अपेक्षित गोष्ट आहे. उष्णता मुळापर्यंत पोहोचल्याची ती खूण. काही तासांत ते बसतात, कधी एक-दोन दिवस लागतात. कापडात गुंडाळलेला थंड पॅक ठेवा. बर्फ थेट घासू नका. साधे मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचे जेल चालेल.

पहिले दोन दिवस कडकडीत पाण्याने आंघोळ, वाफ, जोरदार व्यायाम, पोहणे आणि तंग कपडे टाळा. काखेत सिटिंग झाले असेल तर डिओडरंटही एक-दोन दिवस नको. उटणे, स्क्रब, ब्लीच, फेशियल आठवडाभर बंद. सनस्क्रीन मात्र रोज, ढगाळ पावसाळ्यातही.

एक ते तीन आठवड्यांत केस “वाढताना” दिसतात आणि अनेकींना काळजी वाटते. हे केस खरे तर जळालेले असतात आणि त्वचा त्यांना बाहेर ढकलत असते. आंघोळीच्या वेळी ते आपोआप निघतात. उपटू नका. पुढच्या सिटिंगपर्यंत गरज लागली तर शेव्ह करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- पाण्याने भरलेले फोड किंवा खपली
- दोन-तीन दिवसांनंतरही लाली, सूज, वेदना
- पू, ताप
- मशीनच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी किंवा गोल डाग
- डोळा दुखणे, लाल होणे, उजेड सहन न होणे: यासाठी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे

फोड आला तर तो फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नका. वाहत्या साध्या पाण्याने थंड करा आणि दाखवा. भाजल्यानंतर राहणारा काळा डाग बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते महिन्यांत फिका पडतो. ऊन टाळणे हाच त्याचा मुख्य उपचार. पांढरा डाग जायला अधिक वेळ लागतो, क्वचित तो राहतो. डाग पूर्ण जाईपर्यंत पुढची सिटिंग घेऊ नये, पॅकेजची मुदत संपत असली तरीही.

लग्न ठरले असेल तर

सहा सिटिंग, मध्ये सहा-सहा आठवड्यांचे अंतर, म्हणजे सुमारे सात महिने. फेब्रुवारीतल्या लग्नासाठी जूनच्या सुरुवातीला प्रारंभ केला तर शेवटची सिटिंग डिसेंबरअखेर येते. हळद, उटणे, ब्लीच, मेकअप यांच्या माऱ्याआधी त्वचेला किमान महिनाभर विश्रांती मिळायला हवी. लग्न महिन्यावर आले असेल तर लेझर सुरू करू नका. जसे आजवर करत होता तसेच करा, लेझर लग्नानंतर निवांतपणे होईल.

नवऱ्या मुलांनाही हे लागू आहे. मानेवर दाढीचे केस त्वचेत उलटे वाढून वारंवार पुळ्या येणे, माकडहाडावर केसांमुळे पायलोनायडल सायनस होणे, अशा त्रासांत लेझर हा केवळ सौंदर्याचा भाग राहत नाही, उपचाराला त्याची खरी मदत होते.

दोन भीती, ज्या सोडून द्याव्यात

लेझरने कॅन्सर होत नाही. हा प्रकाश एक्स-रेसारखा नसतो आणि पेशींतील जनुकांना इजा करत नाही. जांघेत किंवा पोटावर लेझर केल्याने गर्भाशयाला, अंडाशयाला धोका नाही. प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच जातो. मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. लेझर मध्येच सोडले तर केस दुप्पट येतात असेही नाही. जी मुळे वाचली, तेवढेच केस परत येतात.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या आयांसाठी. या वयात हार्मोन्स स्थिरावत असतात. केस पुढेही येत राहतील, म्हणून घाई नको. पण वर्गातल्या चिडवण्यामुळे मुलगी शाळेत जायला टाळत असेल, फोटोत मागे उभी राहत असेल, तर “एवढं काय त्यात” म्हणून विषय संपवू नका. तिला आधी डॉक्टरकडे आणा, पाळीबद्दल मोकळेपणाने बोलू द्या, तपासण्या करून घ्या. मग लेझर करायचे की नाही, कधी करायचे, हे तिने, तुम्ही आणि डॉक्टरांनी मिळून ठरवा.